१४० माणसांच्या मशीन शॉपसाठी एचआर स्ट्रॅटेजी कुठून सुरू करायची?

कुपवाडची एचआर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एचआर बघते. पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सच्या केसिंग असं बिडाचं कास्टिंग फौंड्रीतून येतं, आम्ही मशीनिंग करून पुढे पाठवतो. कायम कामगार आणि स्टाफ मिळून १४० जण, शिवाय ठेकेदाराकडची पन्नासेक पोरं. एचआर म्हणजे मी आणि टाइम ऑफिसला एक क्लार्क.

मालकांचा मुलगा आता कारभार बघतो. पुढच्या दिवाळीनंतर फाइव्ह-ॲक्सिस (पाच अक्षांवर कापणारं) मशीन येणार आहे आणि एक नवा मोठा ग्राहक लागणार आहे. त्या ग्राहकाच्या ऑडिटच्या यादीत मनुष्यबळाच्या नियोजनावर प्रश्न आहेत. त्यावरून साहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, तीन वर्षांची एचआर स्ट्रॅटेजी तयार करा आणि महिनाअखेरीस डायरेक्टरांपुढे मांडा."

एमबीएला मी हे शिकले आहे. १९८४ चं मिशिगन मॉडेल, त्याच वर्षीचं हार्वर्ड मॉडेल, १९९७ च्या पुस्तकातल्या डेव्ह उलरिच यांच्या एचआरच्या चार भूमिका, सगळं परीक्षेत लिहिलंय. पण माझा दिवस जातो पंचिंगच्या तक्रारी, १५ तारखेच्या आत पीएफ-ईएसआयचं चलन, कॅन्टीनवाल्याशी वाद आणि सकाळी सातला 'आज कोण कोण आलं नाही' यात. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे पगाराच्या रचनेचं कामही माझ्याच टेबलावर आहे.

मला दिसणाऱ्या अडचणी दोन. सेटर (मशीनवर जॉब आणि टूल लावून देणारा कारागीर) तयार झाला की पुण्याजवळच्या चाकणला जातो. आणि ऑक्टोबरात दुसऱ्या पाळीला निम्मी माणसं नसतात, कारण तासगाव आणि कवठेमहांकाळकडच्या पोरांच्या द्राक्षबागांची छाटणी असते. या गोष्टी 'स्ट्रॅटेजी'त बसतात का, तेच कळत नाही. नेटवर मिळणारे नमुने सगळे हजारो माणसांच्या आयटी कंपन्यांचे आहेत. कुठून सुरुवात करू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

निवृत्त पर्सोनेल, विश्रामबाग

ताई, ज्या दोन गोष्टी स्ट्रॅटेजीत बसतात का असं तुम्ही विचारताय, माझ्या मते तुमची स्ट्रॅटेजी त्या दोन गोष्टींचीच आहे. बाकीचं त्यांच्याभोवती येईल. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

माझी सगळी नोकरी इंजिनिअरिंग कारखान्यांच्या पर्सोनेल, म्हणजे आताच्या एचआर, खात्यात गेली. आपल्या देशात हे खातं धंद्याच्या गरजेतून कमी आणि कायद्यातून जास्त आलं. १९३१ च्या रॉयल कमिशनने मुकादमांच्या हातातली भरती आणि त्यातली लाचखोरी बघून कामगार अधिकारी नेमा म्हणून सांगितलं. पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. त्यामुळे मालकाच्या मनात आजही पर्सोनेलवाला म्हणजे इन्स्पेक्टर आला की रजिस्टर दाखवणारा माणूस. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोमध्ये माणसं घडवण्याचं वेगळं खातं उभं करून दिलं, तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदा 'माणसाची वाढ' हा कारखान्याच्या नियोजनाचा विषय झाला. तुमचे साहेब स्वतःहून तीन वर्षांचं मागतायत, ही फार मोठी गोष्ट आहे. ती संधी पॉलिसीच्या फाइली भरण्यात घालवू नका.

पहिलं काम एचआरचं नाहीच. साहेबांकडून तीन वर्षांचा ऑर्डरचा अंदाज मागून घ्या. कुठला जॉब वाढणार, कुठला बंद होणार, कुठलं मशीन कधी येणार. तो कागद देत नसतील तर स्पष्ट सांगा की त्याशिवाय स्ट्रॅटेजी होणार नाही. मिशिगनवाल्यांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? निवड, मूल्यमापन, मोबदला आणि विकास या चारही गोष्टी कंपनी कुठे निघालीय त्याला जुळल्या पाहिजेत. कुठे निघालोय हेच माहीत नसेल तर जुळवणार कशाला?

मग उलटं मोजत या. फाइव्ह-ॲक्सिस मशीन दिवाळीनंतर येणार. त्यावर प्रोग्रॅम कोण करणार? चांगल्या व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) सेटरला कॅम, म्हणजे कटिंगचा प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर शिकवून, गुंतागुंतीच्या जॉबचा प्रोग्रॅम स्वतःच्या जबाबदारीवर करण्याइतका हात बसायला माझ्या अनुभवात वर्ष जातं. म्हणजे तो माणूस आज निवडायला पाहिजे, मशीन आल्यावर नाही. आणि एक नाही, दोन निवडा. पाच अक्षांवर कापलेला जॉब मोजायचा तर सीएमएमवर (मापं तपासायच्या मशीनवर) बसणाराही तितकाच तयार लागेल, त्याचाही विचार आत्ताच करा. मशीन विकणारी कंपनी चार दिवसांचं ट्रेनिंग देते आणि मालकाला वाटतं, झालं काम. पुढे सहा महिने दीड कोटीचं मशीन साध्या थ्री-ॲक्सिसच्या कामाला जुंपलेलं मी बघितलंय.

आता १४० माणसांकडे बघा. माणूस म्हणून सगळे सारखे, सगळ्यांना पगार वेळेवर, सगळ्यांशी बोलणं नीट. पण तीन वर्षांच्या योजनेत पंधरा-वीस जागा अशा असतात की तिथला माणूस गेला तर लाइन थांबते. सेटर, प्रोग्रॅमर, सीएमएमवाला, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आणि तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर. या जागांची वेगळी यादी करा. प्रत्येक जागेपुढे लिहा: आज कोण, तो नसेल तर कोण, आणि त्या दुसऱ्याला तयार व्हायला किती महिने. बऱ्याच ठिकाणी 'तो नसेल तर कोण'चा रकाना रिकामा राहील. तो रिकामा रकाना डायरेक्टरांना दाखवा.

स्किल मॅट्रिक्स (आडव्या ओळीत कामगार, उभ्या रकान्यात मशीन, आणि कुणाला किती येतं त्याचे गोळे) तुमच्याकडे असेलच, ऑडिटसाठी सगळे करतात. भिंतीवर रंगीत तक्ता लावतात आणि वर्षभर कुणी हात लावत नाही. त्याचा खरा उपयोग आडव्या ओळीपेक्षा उभ्या रकान्यात आहे. एकेका मशीनचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ज्या मशीनला एकच माणूस 'स्वतंत्रपणे चालवू शकतो' या पातळीचा आहे, ते मशीन तुमच्या मालकीचं नाही, त्या माणसाच्या मर्जीवर आहे. अशी मशीनं किती, तो आकडा दर महिन्याला कमी झाला पाहिजे.

सेटर जाण्याचा खर्च रुपयांत मांडा. तुमचे खरे आकडे घाला, मी नमुन्याला धरतो. नवीन सेटर पूर्ण क्षमतेला यायला चार महिने, तोवर सरासरी निम्मं काम. एका पाळीचे महिन्याला २०० मशीन तास. म्हणजे चार महिन्यांत ४०० तास बुडाले. तासाचा दर ५०० रुपये धरला तर दोन लाख. रिजेक्शन, शोधाशोध, दुसऱ्याला दिलेला ओव्हरटाइम यात धरलेलाच नाही. त्याच सेटरला महिन्याला तीन हजार वाढवून द्यायचे तर पीएफसकट वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास जातात. मालकाला एचआर हा खर्च वाटतो, कारण आपण एचआरवाले कधी असा हिशोबच देत नाही. १९९५ साली मार्क ह्युसेलिड यांनी अमेरिकेतल्या जवळजवळ हजार कंपन्यांची पाहणी केली. भरती, प्रशिक्षण, मोबदला या पद्धती एकत्रितपणे चांगल्या असतील तिथे गळती कमी आणि माणशी उत्पादन जास्त, असं त्यात दिसलं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला यावर तिकडे बराच वाद झाला. पण डायरेक्टरांपुढे अमेरिका नेऊ नका. स्वतःच्या शॉपचे ४०० तास न्या.

आता द्राक्षं. याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण आपल्याकडचे एचआरवाले या गैरहजेरीला शिस्तीचा प्रश्न समजतात आणि दर ऑक्टोबरला मेमो वाटतात. अहो, ज्या पोराची एक एकर बाग आहे त्याचं वर्षाचं मोठं उत्पन्न त्या छाटणीवर ठरतं. छाटणी झाली की लगेच पेस्टिंग, मग फुटवे, विरळणी, डिपिंग. मधे पाऊस लागला तर डाऊनी रोगाच्या भीतीने रोज फवारणी. तो मेमो घेईल, पगार कापून घेईल, पण बागेतच राहील. आणि त्याने तसंच करावं. मिरजेच्या आसपास, वाळव्याकडे हळद आहे, तिचं काढणं-शिजवणं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. द्राक्षाची काढणीही त्याच महिन्यांत, पुढे एप्रिल छाटणी. म्हणजे तुमच्या कामगारांचं वर्ष आधीच छापून आलेलं आहे. उत्पादनाचं नियोजन करणाऱ्याने ते वाचलं नाही, एवढंच.

गणपतीच्या आधी प्रत्येकाला विचारून एक तक्ता करा: बाग आहे का, किती, छाटणीची साधारण तारीख कोणती. सगळ्यांची छाटणी एका दिवशी नसते, महिनाभर पसरलेली असते. ज्यांना शेती नाही त्यांना त्या महिन्यात रजा कमी आणि मे महिन्यात किंवा दिवाळीला पहिला हक्क, अशी अदलाबदल युनियनशी किंवा वर्क्स कमिटीशी बसून ठरवा. मोठ्या मशीनचं वार्षिक मेंटेनन्स ऑक्टोबरात घ्या. चालू जॉबचा थोडा साठा सप्टेंबरात करून ठेवा आणि ग्राहकाला तसं आधी कळवा. एवढं सगळं विक्री, प्लॅनिंग आणि एचआर एका टेबलावर बसल्याशिवाय होत नाही. मोठ्या पुस्तकांत ज्याला धोरणाशी जुळवणं म्हणतात, ते सांगली जिल्ह्यात हे आहे.

पलूसचा वर्कशॉपवाला

वरच्या सरांशी सहमत. मी मालकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. माझं युनिट तुमच्याहून लहान आहे, पलूसला.

डायरेक्टरांपुढे चाळीस स्लाइड नेऊ नका. एक पान न्या. त्यावर मशीन येण्याची तारीख, त्याला लागणारी माणसं, ती तयार करायचा खर्च, आणि न केल्यास होणारं नुकसान. मालक तेवढंच वाचतो, आणि ते मात्र नीट वाचतो.

दुसरं, ॲप्रेंटिस. ३० किंवा जास्त माणसं असली की ॲप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्यात ठेकेदाराची माणसंही मोजतात. म्हणजे तुमच्या १९० माणसांवर किमान पाच, आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस घेता येतील. बहुतेक जण किमान घेऊन मोकळे होतात आणि पोरांना गाड्या ढकलायला लावतात. राष्ट्रीय ॲप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. मी आयटीआयची पोरं घेताना एकच गोष्ट बघतो, घर किती लांब आहे. पंधरा किलोमीटरच्या आतलं, घरी शेती किंवा जनावरं असलेलं पोरगं पुण्याला पटकन जात नाही. ज्या शेतीमुळे ऑक्टोबरात गैरहजेरी होते, तीच शेती त्याला इथे धरूनही ठेवते. हे मालक लोकांनी लक्षात घ्यावं.

आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना घातला, तेव्हा तिथे कुशल कामगार कुठून असणार? कारखान्याबरोबर वसाहत उभी केली आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं हाताखाली घेऊन तयार केली. इथे तयार कारागीर मिळत नाही ही तक्रार तेव्हाही करता आली असती.

मिरजेचा सेटर, सध्या चाकण

मॅडम, ज्यांच्याबद्दल चर्चा चाललीय त्यातलाच मी एक. कुपवाडच्याच एका शॉपमधून गेलोय. नाव सांगत नाही.

सगळ्यांना वाटतंय पोरं पैशासाठी जातात. पैसा आहेच, पण इथं रूमचं भाडं, मेस, महिन्याला दोनदा गावाकडं येणं-जाणं धरलं तर हातात राहणारा फरक फार नाही. मी गेलो कारण मला पुढचं काय ते कुणी सांगितलंच नाही. हेल्परचा ऑपरेटर झालो, ऑपरेटरचा सेटर झालो, काम सेटरचं आणि ग्रेड ऑपरेटरची. विचारलं की "बघू दिवाळीनंतर". कॅम शिकायचंय म्हणून सांगितलं तर सुपरवायझर म्हणाला, तू प्रोग्रॅमला बसलास तर मशीन कोण लावणार? म्हणजे काम चांगलं येतंय म्हणूनच पुढं जाऊ देईनात.

बॉण्ड लिहून घेणार असाल तर त्याचा उपयोग होत नाही. माणूस अंगानं राहतो, डोकं दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूमध्ये असतंय. आणि ते स्किल मॅट्रिक्स भरताना आम्हालापण विचारा. आमच्या तक्त्यात सुपरवायझरच्या गावच्या पोरांना चार-चारचे म्हणजे वरच्या पातळीचे गोळे आणि ज्यानं मशीन शिकवलं त्याला दोन, असं होतं. तसल्या कागदावर तुम्ही तीन वर्षांचं काय ठरवणार?

फाइव्ह-ॲक्सिस येणार आहे हे शॉपवर जाहीर सांगा. कोण शिकणार, कसं निवडणार, निवडल्यावर ग्रेड काय, हे लिहून नोटीस बोर्डाला लावा. आमच्यातली दोघं-तिघं तरी चाकणहून परत येतील, मी लिहून देतो.

कुपवाडची एचआर

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून मी आमचा ग्रेडचा तक्ता काढून बघितला. सेटरचं काम करणारे आणि ऑपरेटरच्या ग्रेडला अडकलेले आमच्याकडेही आहेत. ऑर्डरचा अंदाज साहेबांनी द्यायचं कबूल केलंय, सोमवारी प्लॅनिंगच्या सरांबरोबर बसणार आहोत.

दोन शंका राहिल्यात. ठेकेदाराकडच्या पोरांचं काय करायचं? त्यातले काही जण मशीनवर छान तयार झालेत. आणि सुपरवायझर लोकांना या सगळ्यात कसं घ्यायचं? पोरं सोडून जातात त्यातल्या बऱ्याच वेळा कारण तिथेच असतं, पण ते स्वतःही बारा-बारा तास राबतात.

निवृत्त पर्सोनेल, विश्रामबाग

सेटर दादांनी जे लिहिलंय ते प्रिंट काढून मीटिंगला न्या, माझ्या लिहिण्यापेक्षा त्याला वजन आहे.

ठेकेदाराबद्दल माझं मत पक्कं आहे. साफसफाई, कॅन्टीन, लोडिंग ठेक्याने द्या. पण ज्या मशीनवर तुमचा ग्राहक उभा आहे ते शिकलेला हात ठेकेदाराच्या हजेरीवर ठेवू नका. ठेका बदलला की तो हात गेटबाहेर जातो आणि शेजारच्या शॉपला लागतो. तयार झालेल्यांची यादी करा, दर सहा महिन्यांनी त्यातल्या काही जणांना परीक्षा घेऊन आत घ्या. सगळ्यांना एकदम कायम करणं परवडत नसेल तर ठरावीक मुदतीची थेट नेमणूक करा. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा नेमणुकीला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे, ती आधीच हिशोबात धरा. आणि वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात. तुम्ही पगाराची रचना बदलणारच आहात, तर त्याच वेळी सेटर आणि प्रोग्रॅमरची वेगळी ग्रेड घाला. हे काम दोनदा करू नका.

सुपरवायझरचं जास्त अवघड आहे. आपण उत्तम सेटर उचलतो, पांढरा शर्ट देतो आणि दुसऱ्या दिवशीपासून पंचवीस माणसं त्याच्या हवाली करतो. माणसाशी बोलायचं कसं, काम वाटायचं कसं, चुकलेल्याला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन कसं सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्याकडून फक्त नगांचा हिशोब मागतात, मग तो चांगला माणूस मशीनवरून सोडेल कशाला? त्याच्या वार्षिक मूल्यमापनात नगांच्या बरोबरीने एक गोष्ट घाला: वर्षभरात त्याने किती जणांना वरच्या पातळीला नेलं. सेटरला कॅमला पाठवलं म्हणून त्याचं उत्पादन महिनाभर घटलं तर त्याचा इन्सेन्टिव्ह कापू नका, हे साहेबांकडून लेखी घ्या. एवढं एक झालं तरी दादांना जो अनुभव आला तो पुढच्या पोराला येणार नाही. मॅट्रिक्सचे गोळे मात्र सुपरवायझर, क्वालिटीचा माणूस आणि स्वतः कामगार, तिघांनी मिळून भरावेत, आणि वाद झाला तर मशीनवर जॉब लावून बघावा.

दर महिन्याला चारच आकडे ठेवा. महत्त्वाच्या जागांवरून किती गेले, एकाच माणसावर चालणारी मशीनं किती, नवा माणूस पूर्ण कामाला यायला किती महिने लागले, आणि कुठल्या महिन्यात किती गैरहजेरी होईल असं धरलं होतं, प्रत्यक्षात किती झाली. पंचिंग आणि चलनाचं काम क्लार्ककडे सोपवायला साहेबांकडून परवानगी घ्या, नाहीतर हे चार आकडे काढायला तुम्हाला वेळच मिळणार नाही. सोमवारची बैठक झाली की ऑर्डरचा अंदाज हाताशी घेऊन त्या पंधरा-वीस जागांची यादी करा आणि नावं काढून इथे टाका. मी आणि पलूसचे मालक मिळून बघू.

पलूसचा वर्कशॉपवाला

टाका, बघतो. आणि कॅम शिकायला दोघांना पाठवणार असाल तर माझाही एक सेटर बरोबर येईल. तिघं झाले तर ट्रेनिंगवाल्याला इकडेच बोलावून घेऊ, पोरांना पुण्याला पाठवायला नको.